बर्फाखालचे आवाज आणि पाथरीची विहीर : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२४, परभणी

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातील दोन विद्यार्थ्यांचा प्रकल्प आज निश्चित झाला. विद्यार्थिनी गंगाखेडची आहे आणि विद्यार्थी जिंतूरचा; दोघांनीही समुद्र आयुष्यात एकेकदाच पाहिला आहे. ध्रुवीय समुद्रातील सस्तन प्राण्यांचा माग त्यांच्या पाण्याखालील आवाजांवरून कसा काढतात, हे खुल्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे शिकायचे आणि त्याच्या जोडीला स्वतः एक साधा हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात बुडवून आवाज टिपणारा ग्राहक, तयार करून पाहायचा, असे कामाचे दोन भाग आम्ही ठरवले.

विभागाच्या बैठकीत पहिला प्रश्न अपेक्षितच आला : परभणीहून अरबी समुद्रच सुमारे चारशे किलोमीटर दूर, मग ध्रुवाकडे कशाला जायचे? मी उत्तरादाखल नकाशा समोर ठेवला. परभणी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि भारताचे आर्क्टिकमधील ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुमारे ७९ अंशांवर, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ऑलेसुंड येथे २००८ पासून आहे. त्याच्या शेजारच्या कॉंग्सफ्योर्ड या खाडीत गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था आणि चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था यांनी जुलै २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी सुमारे १९० मीटर खोल पाण्यात नांगरली. साठ अंशांचे अंतर मोठे खरे, पण त्या खाडीतले पाणी ऐकण्याचे काम आपल्या देशाने अंगावर घेतलेले आहे, आणि ते समजून घेण्यासाठी लागणारे तरंगांचे गणित आमच्याच अभ्यासक्रमात आहे.

१७ जानेवारी

आज केवळ ‘ऐकायचेच का’ या प्रश्नावर दोन तास गेले आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. ध्रुवीय हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, पृष्ठभागावर बर्फ असते, जहाज पोहोचत नाही आणि विमानातून मोजणी करावी तर अंधारात दिसणार काय? पाण्यात प्रकाश फार तर काहीशे मीटर जातो. कमी वारंवारतेचा आवाज मात्र शेकडो किलोमीटर जातो. म्हणूनच यंत्र उन्हाळ्यात समुद्राच्या तळाशी नांगरून ठेवायचे आणि वर्षभराने जाऊन काढून आणायचे, ही पद्धत रूढ झाली.

विद्यार्थ्याने फळ्यावर साठवणुकीचा हिशेब मांडला. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, म्हणजे दिवसाला सुमारे ८.३ गिगाबाइट आणि वर्षाला तीन टेराबाइट. साठवण पुरावी आणि बॅटरीही टिकावी म्हणून अनेक यंत्रे तासातली काही मिनिटेच ऐकतात आणि उरलेला वेळ झोपतात. विद्यार्थिनीने लगेच विचारले, ‘मॅडम, यंत्र झोपलेले असताना एखादा प्राणी ओरडून निघून गेला, तर नोंद काय करायची?’ या प्रश्नासाठी वहीचे शेवटचे पान आम्ही राखून ठेवले आहे.

२ फेब्रुवारी

प्रत्यक्ष ऐकण्याला आज सुरुवात झाली. अमेरिकेतील वुड्स होल संस्थेचा ‘वॉटकिन्स’ हा सागरी सस्तन प्राण्यांच्या आवाजांचा संग्रह सर्वांसाठी खुला आहे आणि त्यात साठाहून अधिक प्रजातींचे नमुने आहेत. त्यांतले ध्रुवीय प्राणी निवडून घेतले आणि त्यांच्यावर कान तयार करण्याचे ठरवले.

बिअर्डेड सील, म्हणजे लांब मिशांचा सील, पहिल्याच झटक्यात ओळखता येतो. त्याचा नर विणीच्या हंगामात, साधारण वसंत ऋतूत, काही हजार हर्ट्झपासून काहीशे हर्ट्झपर्यंत हळूहळू घसरत जाणारी, थरथरणारी लांब शीळ घालतो. ती कधी कधी मिनिटाहून अधिक चालते. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता मांडलेल्या चित्रावर, ती एखाद्या वेलीसारखी वळणे घेत खाली उतरताना दिसते. वॉलरसचा आवाज दारावर ठकठक केल्यासारखा आणि मध्येच घंटेसारखा येतो. बेलुगा या पांढऱ्या देवमाशाला दर्यावर्दी पूर्वीपासून समुद्रातली कॅनरी म्हणत आले आहेत, आणि त्याच्या शिट्ट्या ऐकल्यावर ते नाव का पडले हे सांगावे लागत नाही. रिंग्ड सील मात्र फार हळू आवाजात भुंकतो आणि कुईं करतो. आर्क्टिकमध्ये तो मोठ्या संख्येने असूनही मुद्रणांत सहज निसटतो.

अर्ध्या तासाची एकच फाइल आम्ही तिघांनी स्वतंत्रपणे ऐकून खुणा केल्या आणि नंतर ताळा केला. विद्यार्थिनीच्या खुणा माझ्यापेक्षा जवळजवळ दीडपट निघाल्या. तपासल्यावर असे दिसले की तिने बर्फ तडकल्याचे काही आवाज वॉलरसच्या नावावर टाकले होते, आणि मी रिंग्ड सीलचे चार अस्पष्ट आवाज पूर्णपणे सोडून दिले होते. तिची चूक सुधारणे सोपे होते, कारण तिची खूण समोर दिसत होती. माझी चूक तिच्या खुणा नसत्या तर कधीच कळली नसती. यापुढे प्रत्येक फाइल दोघांनी ऐकल्याशिवाय तक्त्यात घ्यायची नाही, असा नियम आजपासून केला.

२१ फेब्रुवारी

आजचा पूर्ण दिवस बोहेड या देवमाशाला दिला आणि तो द्यायलाच हवा होता. (‘देवमासा’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे की तो मासा नाही, सस्तन प्राणी आहे, हे दर वर्गाला नव्याने सांगावे लागते.) बोहेड वर्षभर आर्क्टिक आणि त्यालगतच्या थंड समुद्रातच राहतो, बर्फाचा जाड थर डोक्याने फोडून श्वास घेतो आणि दोनशे वर्षांहून अधिक जगू शकतो. स्वालबार्डमधल्या स्पिट्सबर्गन या बेटाभोवतीच्या त्याच्या कळपांची शिकार सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली आणि ती इतकी झाली की ही शाखा संपलीच असे कैक वर्षे मानले जात होते.

मग २०१० ते २०१४ या काळात ग्रीनलंड आणि स्वालबार्डमधल्या फ्रॅम सामुद्रधुनीच्या पश्चिम भागात नांगरलेल्या यंत्राने वेगळेच ऐकले. केट स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथे तीन हिवाळ्यांत १८४ वेगवेगळी गाणी नोंदली गेली. नोव्हेंबर ते एप्रिल, गडद अंधारात, दाट बर्फाखाली, ही गाणी बहुतेक काळ चोवीस तास चालू होती. कुबड्या देवमाशाचे एका समूहातले सर्व नर एका हंगामात साधारण एकच गाणे गातात. बोहेडचे गाणे मात्र काही तास किंवा काही दिवस टिकते, मग दुसरे येते, आणि पुढच्या वर्षी आदल्या वर्षाचे सहसा परतत नाही.

मी दोघांना एक मुद्रण दिवे बंद करून ऐकवले. एकच प्राणी एकाच वेळी खालचा घोगरा आणि वरचा किंचाळणारा, असे दोन स्वर काढतो आहे, हे स्पेक्ट्रोग्रामवर दोन वेगळ्या रेषांत दिसते. कानाला मात्र दोन जण बोलत असल्याचाच भास होतो. संपल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. नंतर विद्यार्थी म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे माणसं “नाहीत” म्हणत होती तेव्हाही यातले काही तिथंच असतील.’ दोनशे वर्षांचे आयुष्य लक्षात घेता हे म्हणणे अगदी योग्य आहे, आणि मी ते त्याच्याच शब्दांत नोंदवून ठेवते.

७ मार्च

हायड्रोफोनचे काम हाती घेतले. स्टेशन रस्त्यावरच्या दुकानातून बझरमध्ये वापरतात त्या पितळी पिझो चकत्या आणल्या. पिझो पदार्थावर दाब पडला की विद्युतभार निर्माण होतो. समुद्रात वापरले जाणारे महागडे हायड्रोफोनही मुळात याच तत्त्वावर चालतात.

पहिली जोडणी थेट रेकॉर्डरच्या माइकच्या छिद्रात केली. बादलीत टिचकी मारली की आवाज छान येत होता, त्यामुळे दोघेही खूश झाले. पण मी त्यांना गणित करायला बसवले. चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड आणि माइकच्या प्रवेशाचा रोध सुमारे १० किलोओहम धरला, तर जवळपास ८०० हर्ट्झच्या खालचे आवाज ही जोडणी गिळू लागते, आणि आवाज जितका खालचा तितका अधिक. नील देवमाशाचा आवाज २० ते ३० हर्ट्झचा असतो. म्हणजे तो दूरवर कोठे गायला असता तर आमची फाइल शांत राहिली असती, आणि आम्ही प्रामाणिकपणे ‘काहीही आढळले नाही’ असे लिहून मोकळे झालो असतो. फेट ट्रान्झिस्टरचा एक छोटा टप्पा मध्ये घालून रोध १ मेगाओहमवर नेला, तेव्हा ही मर्यादा ८ हर्ट्झच्या आसपास उतरली. साडेतीनशे रुपयांच्या आतले काम आहे, पण ते न केल्यास पुढचे सगळे फुकट.

२९ मार्च, पाथरी तालुका

माझ्या मामांच्या विहिरीत चाचणी घेतली. विहीर जुनी, दगडी बांधणीची, आणि पाणी या दिवसांत जेमतेम दोन पुरुष उरलेले. चकती मेणात बुडवून हवाबंद केली होती. ती पायऱ्यांवरून दोरीने खाली सोडली आणि रेकॉर्डर वरच्या कठड्यावर ठेवला.

सुरुवातीची दहा मिनिटे फक्त गुणगुण ऐकू आली. स्पेक्ट्रोग्रामवर ५० हर्ट्झवर एक सरळ रेघ, १०० वर दुसरी, १५० वर तिसरी. ही विजेची छाया होती : शेजारून गेलेल्या तारेची आणि पाणबुडी मोटारीची. ५० च्या रेघेला खालून किंचित जाडी होती. विद्यार्थ्याने गणनेची खिडकी लांब केली, म्हणजे एका वेळी अधिक सेकंदांचा आवाज घेतला, तेव्हा त्या जाड रेघेच्या दोन झाल्या : एक नेमकी ५० वर आणि दुसरी ४८ च्या जवळ. दुसरी रेघ मोटारीच्या फिरण्याची होती, कारण अशी मोटार मिनिटाला तीन हजार नव्हे तर त्याहून थोडे कमी फेरे घेते. खिडकी लांब केली की जवळच्या वारंवारता सुट्या होतात, पण आवाज नेमका कोणत्या क्षणी आला हे धूसर होते. पुस्तकातले हे वाक्य दोघांना आज विहिरीच्या कठड्यावर बसून समजले. बाराच्या सुमारास लाइट गेली आणि सगळ्या रेघा एकाच क्षणी पुसल्या गेल्या. मग पहिल्यांदाच विहीर ऐकू आली : झऱ्याचे थेंब, एका बेडकाची उडी, आणि दोरी दगडाला घासल्याचा खरखराट, जो पुढच्या वेळी टाळायला हवा.

दुपारी लाइट आल्यावर मामा बांधावरूनच ओरडले, ‘मोटार हवा वढायली, बंद कर पोरी!’ आम्ही कठड्यावर असूनही आम्हाला काही कळले नव्हते. त्यांना पन्नास पावलांवरून कळले. मुद्रण तपासले तर त्यांनी हाक मारण्याच्या वीस-बावीस सेकंद आधीपासून वरच्या वारंवारतांत फुसफुसाटाचा एक पट्टा उमटू लागला होता. तो बुडबुड्यांचा आवाज होता. हवा ओढणे आणि पंख्यामागे पोकळ्या तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण गोंगाट दोन्हींत बुडबुडेच करतात, आणि मोठ्या जहाजांचा पाण्याखालचा आवाज मुख्यतः पंख्याभोवती तयार होऊन फुटणाऱ्या अशा पोकळ्यांमुळेच येतो. बर्फ मागे हटल्यामुळे आर्क्टिकमध्ये जहाजांची ये-जा वाढली आहे. त्यांच्या आवाजाचा मोठा भाग काहीशे हर्ट्झच्या खाली असतो आणि बोहेडच्या बहुतेक हाकाही तेथेच असतात. जहाजांनी पाण्याखालील आवाज कमी करावा यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्या ऐच्छिक आहेत, ही त्यांची उणीव मला गंभीर वाटते.

१२ एप्रिल

दुपारच्या उन्हात गच्चीवर ठेवलेल्या दोन्ही चकत्यांचे मेण पाघळले. ध्रुवीय समुद्रासाठी शिकत असताना ही अडचण फक्त मराठवाड्यातच येऊ शकते. आता इपॉक्सी वापरले असून सांध्यांवर रबरी नळी चढवली आहे.

४ मे, पाथरी तालुका

आज शेततळ्यावर दिशा काढण्याचा प्रयोग केला. कडेला प्लास्टिकचा कागद अंथरलेले तळे आहे आणि पाणी अजून निम्म्याहून थोडे अधिक आहे. दोन हायड्रोफोन १५ मीटर अंतरावर सोडले. आवाज त्यांना जोडणाऱ्या रेषेतच एका टोकापलीकडे झाला, तर तो दुसऱ्यापर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागाने उशिरा पोहोचायला हवा, कारण या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो.

पहिला प्रयत्न पूर्ण फसला आणि तो माझ्या सांगण्यावरून झाला होता. मी दोन हायड्रोफोन दोन वेगळ्या मोबाइलना जोडायला सांगितले होते आणि दोन्ही मुद्रणांच्या सुरुवातीला टाळी वाजवून वेळ जुळवली होती. अर्ध्या तासानंतरच्या दगडांच्या आवाजात फरक काही वेळा अपेक्षेच्या दुप्पट निघाला, काही वेळा उलट दिशेचा. दोन मोबाइलची घड्याळे एका गतीने चालत नाहीत. वर्षभर समुद्रतळाशी राहणाऱ्या यंत्रांची हीच अडचण असते. त्यांची घड्याळे वर्षात काही सेकंद सरकू शकतात आणि एका सेकंदाची चूक म्हणजे दीड किलोमीटरची चूक. म्हणून यंत्र सोडताना आणि वर काढताना घड्याळाचा मेळ उपग्रहाच्या वेळेशी घालतात आणि मधल्या काळाची दुरुस्ती गणिताने करतात.

दुसऱ्या प्रयत्नात दोन्ही तारा एकाच रेकॉर्डरच्या डाव्या आणि उजव्या वाहिनीला जोडल्या. आता घड्याळ एकच होते. विद्यार्थ्याने रेषेच्या टोकाला पाण्यात दोन दगड एकमेकांवर आपटले आणि अंतर दहा मिलिसेकंदांच्या अगदी जवळ आले. मग त्याने मला न सांगता जागा बदलली आणि मी फक्त फाइलवरून तो कोठे आहे हे सांगायचे ठरले. मिळालेला फरक सुमारे चार मिलिसेकंदांचा होता. त्यावरून एक बिंदू मिळत नाही, एक वक्ररेषा मिळते, आणि तीही दोन्ही हायड्रोफोन जोडणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखीच. मी उत्तरेची कड सांगितली. तो दक्षिणेच्या कडेला होता. बाजू ठरवायला तिसरा हायड्रोफोन लागतो, हे मला पाठ होते, तरी चुकीच्या कडेकडे बोट दाखवल्यावर ते जसे ठसले तसे एरवी ठसले नसते.

परतताना विद्यार्थिनीने एक हिशेब करून दाखवला, तो मुद्दाम नोंदवते. आमच्या विहिरीतल्या २७ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १,५०० मीटर प्रति सेकंद येतो, तर उणे १.८ अंशांच्या खाऱ्या ध्रुवीय पाण्यात पृष्ठभागाशी तो सुमारे १,४४० च येतो. मीठ वेग वाढवते, पण थंडी त्याहून अधिक घटवते. खोल गेल्यावर दाबामुळे वेग पुन्हा वाढतो, म्हणून ध्रुवीय समुद्रात ध्वनी सतत वरच्या, संथ थराकडे वळतो, बर्फाच्या खालच्या पृष्ठभागावर आपटतो आणि पुन्हा खाली जातो. खडबडीत बर्फ उच्च वारंवारता विखरून टाकते. कमी वारंवारता मात्र उसळ्या घेत दूरवर जातात. अलीकडे अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेकडील ब्युफोर्ट समुद्रात पॅसिफिककडून आलेल्या उबदार पाण्याच्या थरामुळे बर्फाला न शिवता ध्वनी वाहून नेणारा एक खोलवरचा मार्ग ठळक झाला आहे. म्हणजे समुद्र बदलला की त्यातल्या प्राण्यांबरोबर त्यांचे आवाज आपल्यापर्यंत येण्याची वाटही बदलते. आवाज वाढले की प्राणी वाढले, इतका सरळ निष्कर्ष आता आमच्यापैकी कोणी काढणार नाही.

२३ मे

अंटार्क्टिक नील देवमाशावर दोन आठवडे घालवले. त्याची हाक सुमारे २६ हर्ट्झवर काही सेकंद स्थिर राहते, मग झपकन खाली येते आणि १९ हर्ट्झच्या आसपास पुन्हा स्थिरावते. चित्रात इंग्रजी झेड या अक्षरासारखी दिसते, म्हणून तिला झेड-हाक म्हणतात. ती साधारण दर मिनिटाला पुन्हा येते. हेडफोनवर ती आवाज म्हणून कळत नाही, कानाच्या पडद्यावर नुसता दाब जाणवतो. आम्ही फाइल दहापट वेगाने चालवली, तेव्हा ती सुरेल झाली. विद्यार्थिनीने डोळे मिटून टेबलावर बोटाने ठेका धरला आणि पुढची हाक कधी येणार ते बरोबर सांगितले. एक हाक आली नाही, तिथे तिचे बोट थांबले. विसाव्या शतकातील शिकारीने हा प्राणी लाखांवरून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काहीशेंवर आणला होता. त्याला डोळ्यांनी शोधणे आजही अवघड आहे. ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी २०१३ च्या मोहिमेत आधी पाण्यातून त्याची हाक शेकडो किलोमीटरवरून पकडली आणि तिच्या दिशेने जहाज नेऊन त्याला गाठले.

हाक आपोआप शोधण्यासाठी विद्यार्थ्याने एक छोटा संगणकीय कार्यक्रम लिहिला. जुन्या अभ्यासांवरून त्याने शोधपट्टा २८ हर्ट्झभोवती अरुंद ठेवला. नव्या मुद्रणांत कार्यक्रमाला जवळजवळ काहीच सापडेना, आणि त्याने तसा अहवालही लिहून आणला. डोळ्यांना मात्र त्याच चित्रांत हाका स्वच्छ दिसत होत्या, फक्त थोड्या खाली. कारण ठाऊक असलेले आहे : १९९० च्या दशकाच्या मध्यास ही हाक सुमारे २८ हर्ट्झवर होती आणि ती दरवर्षी किंचित घसरत २६ च्या जवळ आली आहे. जगातील इतर समुद्रांतल्या नील देवमाशांच्या गाण्यांतही १९६० च्या दशकापासून अशीच घसरण दिसते, हे मॅकडॉनल्ड, हिल्डेब्रँड आणि मेस्निक यांनी २००९ मध्ये दाखवले. शिकार थांबल्यावर वाढलेली संख्या, समुद्रातला गोंगाट, शरीराचा आकार, अशी अनेक कारणे मांडली गेली आहेत आणि एकावर एकमत झालेले नाही. आमच्यापुरते इतके झाले की पट्टा २४ ते २९ असा रुंद केला आणि आधीचा अहवाल फाडून न टाकता ‘रद्द’ असा शेरा मारून फाइलमध्येच ठेवला.

याच ओघात बायो-डक या आवाजाची कथाही वर्गात सांगितली. दक्षिण महासागरात बदकाच्या क्वॅक-क्वॅकसारखा हा आवाज १९६० च्या दशकापासून पाणबुड्यांतले लोक ऐकत होते. तो अंटार्क्टिक मिंक या देवमाशाचा आहे, हे २०१४ मध्ये त्याच्या अंगावर लावलेल्या ध्वनिमुद्रकामुळे सिद्ध झाले. पन्नास वर्षे तो नोंदींत होता, फक्त नावाविना. आमच्या तक्त्यात ‘अनोळखी’ हा रकाना ठेवण्याचा आग्रह मी यासाठीच धरते; जुळत नाही म्हणून कोणताही आवाज पुसायचा नाही.

१० जून, पाथरी तालुका

मृगाचा पाऊस संध्याकाळी आला. हायड्रोफोन आधीच शेततळ्यात सोडलेला होता. भुरभुर चालू होती तोवर १४ हजार हर्ट्झच्या आसपास एक ठळक उंचवटा दिसत होता : छोटा थेंब पाण्यात शिरताना खाली एक सूक्ष्म बुडबुडा अडकतो आणि तोच घंटेसारखा वाजतो. सर जोरात आली तेव्हा हा उंचवटा मोडला आणि सगळाच पट्टा भरून गेला. विहिरीतल्या मोटारीनंतर बुडबुड्यांची ही दुसरी भेट. तिसरी कॉंग्सफ्योर्डमध्ये आहे : हिमनद्यांच्या बर्फात शेकडो वर्षांपूर्वीची हवा दाबाखाली कोंडलेली असते, ते तुकडे खाडीत वितळताना ती फुटत बाहेर पडते, आणि १ ते ३ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात एवढी तडतड होते की अशा खाड्या समुद्रातल्या सर्वांत गोंगाटी जागांत मोजल्या जातात. उन्हाळ्यात तेथे सील गप्प आहेत की तडतडीत बुडाले आहेत, हे केवळ खुणांच्या संख्येवरून सांगता येत नाही.

सीलही आपल्या परीने आवाज चढवतात. अलास्काच्या उत्तरेकडील बिअर्डेड सीलवरील २०२१ च्या अभ्यासात असे दिसले की भोवतालचा गोंगाट वाढला की नर मोठ्याने शीळ घालतात, पण एका मर्यादेपुढे त्यांना ते जमत नाही आणि मग त्यांची शीळ कमी अंतरावर ऐकू येऊ लागते. बर्फ नसले की वाऱ्यालाही लाटा उठवायला मोकळे पाणी मिळते, म्हणजे जहाज नसतानाही समुद्र पूर्वीइतका शांत राहत नाही.

२७ जून

वहीच्या शेवटच्या पानावरचा जानेवारीतला प्रश्न आज घेतला आणि त्यानुसार संपूर्ण तक्ता नव्याने मांडला. आतापर्यंत ‘हाक आहे’ आणि ‘हाक नाही’ असे दोनच रकाने होते. आता चार आहेत : हाक ऐकली; यंत्र चालू होते, गोंगाट कमी होता, तरी हाक नाही; यंत्र चालू होते, पण गोंगाटामुळे ठरवता येत नाही; यंत्र बंद होते. नार्व्हाल या आर्क्टिकमधल्या लांब सुळ्याच्या देवमाशासाठी एक टीप वेगळी जोडली आहे, कारण त्याच्या टिकटिकी फार उच्च वारंवारतेच्या आणि अरुंद झोतासारख्या असतात. १ लाख हर्ट्झचा आवाज समुद्राच्या पाण्यात किलोमीटरमागे वीस डेसिबलहून अधिक क्षीण होतो, म्हणून तो प्राणी जवळ असून यंत्राकडे तोंड करून असेल तरच ऐकू येतो.

या मांडणीचा खरा उपयोग कोठे होतो, याचे उदाहरण म्हणून कॅनडातील अमुंडसेन आखाताची नोंद वर्गात वाचली. पश्चिम आर्क्टिकमधले बोहेड हिवाळ्यात बेरिंग समुद्राकडे उतरतात हे पक्के ठरलेले होते. २०१८-१९ च्या हिवाळ्यात मात्र आखातातल्या यंत्रांना ते हिवाळाभर तेथेच ऐकू आले. तेथे ‘हिवाळ्यात बोहेड नसतात’ असे गृहीत धरून यंत्रे डिसेंबरपासून बंद ठेवली असती, तर हा बदल कोणालाही कळला नसता. याउलट बेरिंग सामुद्रधुनीच्या उत्तरेस किलर व्हेलच्या हाका अलीकडे पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक वेळा ऐकू येऊ लागल्या आहेत, आणि तेथेही यंत्र आधीच्या वर्षांत चालू होते म्हणूनच ‘पूर्वीपेक्षा’ हा शब्द वापरता येतो.

नव्या रकान्यांत भरायला घेतल्यावर आमच्या जुन्या ‘हाक नाही’ नोंदींपैकी मोठा हिस्सा तिसऱ्या रकान्यात सरकला. विद्यार्थिनीला त्याचे वाईट वाटले. एवढ्या रात्री जागून केलेले काम ‘ठरवता येत नाही’ म्हणून लिहावे लागते, हे तिला पटत नव्हते. मी तिला तिच्याच खुणांपैकी एक फाइल पुन्हा लावून दिली. बर्फाच्या घासण्याच्या आवाजात, सतराव्या मिनिटाला, एका बिअर्डेड सीलच्या शिळेचे फक्त शेवटचे शेपूट दिसते. सुरुवात बर्फाने झाकली आहे. तिने ते तीनदा ऐकले, चौथ्यांदा आवाज वाढवून ऐकले आणि खूण तिसऱ्या रकान्यातून पहिल्यात नेली. मीही ऐकले आणि शेजारी माझी सही केली.

अकरा फायली अजून दुसऱ्या कानाने तपासायच्या उरल्या आहेत. विद्यार्थी त्या जिंतूरला घेऊन जाणार आहे, कारण तेथे रात्री दहानंतर पंखा बंद करून बसले तरी चालते, असे तो म्हणाला.